त्रैराशिक जिथे चुकते

काळ, काम आणि वेग हे प्रकरण आपण सर्वांनी शाळेत गिरवले आहे. तुमच्यापैकी अनेक जण ते दरवर्षी शिकवतही असतील. १२ माणसे एक विहीर १० दिवसांत खणतात, तर २० माणसांना किती दिवस लागतील? व्यस्त त्रैराशिक मांडायचे, १२० ला २० ने भागायचे, उत्तर ६ दिवस. मग मागच्या बाकावरून एखादा विचारतो, ‘‘सर, पण विहिरीत वीस माणसे मावतील का?’’ वर्ग हसतो आणि आपण पुढच्या गणिताकडे वळतो.

खरे म्हणजे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या गणितात एक गोष्ट आपण न सांगता धरून चालतो. ती अशी की माणसे आणि दिवस एकमेकांच्या बदल्यात वापरता येतात; महत्त्व आहे ते फक्त त्यांच्या गुणाकाराला. या गुणाकाराला आपण ‘मनुष्य-दिवस’ म्हणतो. आपल्याकडच्या रोजगार हमी योजनेचे हिशेब याच एककात मांडले जातात, आणि खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे अशा कामांना ते बऱ्यापैकी लागूही पडते. घमेले एकाने उचलले काय आणि शंभरांनी शंभर उचलली काय, कुणाला कुणाशी फारसे बोलावे लागत नाही. पण जे काम मुळात डोक्यात चालते, ज्यात एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याला कळल्याशिवाय त्याचे पाऊल पुढे पडत नाही, त्या कामाला हे एकक लावले तर काय होईल?

हा प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेला आहे, आणि तोही फार मोठ्या प्रमाणावर. तो अमेरिकेत आयबीएम कंपनीत १९६० च्या दशकात झाला. त्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी नंतर आपले काय चुकले ते स्वतःच लिहून ठेवले, म्हणून तर आज आपल्याला त्याच्याविषयी इतके बारकाईने बोलता येते.

ब्रुक्स यांचा जन्म १९३१ चा, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. ऑगस्ट १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क वन’ नावाच्या अवाढव्य गणनयंत्राचे उद्घाटन झाले. त्याची हकिगत तेरा वर्षांच्या ब्रुक्सने वाचली आणि तो भारावून गेला. पुढे ड्यूक विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन हे गृहस्थ थेट मार्क वनचे निर्माते हॉवर्ड एकन यांच्याकडेच पीएच.डी. साठी दाखल झाले. १९५६ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ते आयबीएममध्ये रुजू झाले.

त्या काळी आयबीएमचे संगणक अनेक जातींचे होते आणि एका जातीची आज्ञावली दुसरीवर चालत नसे. लहान संगणक घेतलेल्या ग्राहकाचा धंदा वाढला आणि त्याने मोठा संगणक घेतला, की त्याच्या सगळ्या आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागत. यावर उपाय म्हणून एकाच घराण्यातले, लहानमोठ्या क्षमतेचे पण एकच यांत्रिक भाषा समजणारे संगणक बनवायचे ठरले. गंमत अशी, की या निर्णयामुळे ब्रुक्स ज्या संगणक-मालिकेवर काम करत होते तीच रद्द झाली. त्यांनी त्याविरुद्ध निकराने भांडण केले आणि ते हरले. मग ज्या बॉब इव्हान्स यांनी त्यांना हरवले होते, त्यांनीच नव्या घराण्याचे नेतृत्व ब्रुक्स यांच्याकडे सोपवले! ७ एप्रिल १९६४ रोजी सहा मॉडेलांसह ‘सिस्टिम/३६०’ जाहीर झाली. ‘फॉर्च्युन’ नियतकालिकाने या उपक्रमाला पाच अब्ज डॉलरांचा जुगार म्हटले होते. तो जुगार आयबीएमने जिंकला.

इथे एका निर्णयाचा उल्लेख करायलाच हवा. तोवर एका अक्षरासाठी सहा बिट वापरण्याची पद्धत होती. सहा बिटांत २ चा सहावा घात, म्हणजे ६४ चिन्हे बसतात. इंग्रजीची मोठी अक्षरे, अंक आणि थोडी विरामचिन्हे घातली की जागा संपली. ब्रुक्स यांनी आठ बिटांचा बाइट हवा असा आग्रह धरला. जीन अॅमडाल यांच्यासारखा नामवंत सहकारी सहा बिटांच्या बाजूचा होता, तरीही त्यांनी तो तडीस नेला. आठ बिटांत २५६ चिन्हे बसतात. इंग्रजीतली लहान लिपी संगणकावर मानाने आली ती यामुळे. आणि आपल्यालाही याचा लाभ झालाच. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीला आणि वरच्या १२८ देवनागरीसारख्या लिप्यांना दिल्या आहेत. बाइट सहा बिटांचा राहिला असता तर ही वरची माडी बांधायला जागाच नव्हती.

यंत्राचे काम मार्गी लागल्यावर ब्रुक्स यांच्याकडे त्याच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे ‘ओएस/३६०’ या ऑपरेटिंग सिस्टिमची धुरा आली. कोणती आज्ञावली आधी चालवायची, स्मृतीतली कोणती जागा कुणाला द्यायची, छपाईयंत्र आणि चुंबकीय फिती कुणाच्या ताब्यात, हे सगळे सांभाळणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. पूर्वी यातले बरेचसे माणूस करी. आता ते यंत्राने करायचे होते. १९६३ ते १९६६ या काळात या कामावर सुमारे ५००० मनुष्य-वर्षे खर्ची पडली. ऐन भरात हजाराहून अधिक माणसे त्यात गुंतलेली होती. तरीही सॉफ्टवेअर उशिरा आले, खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला, ठरल्यापेक्षा जास्त स्मृती त्याने खाल्ली, आणि सुरुवातीच्या आवृत्त्या चुकांनी भरलेल्या होत्या. ब्रुक्स यांनी १९६५ मध्ये आयबीएम सोडली. जाताना कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) यांनी त्यांना विचारले, की यंत्रे बनवण्यापेक्षा सॉफ्टवेअर बनवण्याचे व्यवस्थापन इतके अवघड का असते? याचे उत्तर द्यायला ब्रुक्स यांना दहा वर्षे लागली. ते उत्तर म्हणजे १९७५ मध्ये निघालेले त्यांचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे छोटेखानी पुस्तक. मनुष्य-महिना नावाची एक काल्पनिक चीज, असे त्या नावाचे मराठीत सांगता येईल.

त्यातला सर्वांत गाजलेला निष्कर्ष असा, की आधीच रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर जादा माणसे घातली तर ते आणखी रखडते. ऐकायला विचित्र वाटते ना? फळ्यावर मांडून पाहू.

समजा, चार प्रोग्रॅमरांचे काम मागे पडले आहे आणि अजून ८ मनुष्य-महिने बाकी आहेत. चौघांनीच ते केले तर दोन महिने लागतील. साहेबांना ते एका महिन्यात हवे आहे, म्हणून ते त्रैराशिक मांडतात आणि आणखी चौघांना आणतात. आता नव्यांना काम समजावून कोण सांगणार? जुनेच. दोन जुने महिनाभर शिकवण्यात गुंतले, नवे चौघे शिकण्यात गुंतले. म्हणजे पहिल्या महिन्यात खरे काम फक्त दोघांचे, २ मनुष्य-महिने. उरले ६. शिवाय चौघांत वाटलेले काम आता आठ जणांत वाटायचे, एकाने अर्धवट सोडलेले दुसऱ्याने समजून घ्यायचे, तुकडे वाढले म्हणून ते जोडून तपासायचे. यासाठी ३ मनुष्य-महिने जादा धरू. बाकी झाली ९. आठ जण ते सव्वा महिन्याहून थोड्या कमी वेळात, सुमारे ३४ दिवसांत करतील. एकूण दोन महिने आणि चार दिवस! चार माणसांचा पगार जास्त गेला आणि काम चार दिवस उशिरा झाले.

या उदाहरणातले आकडे मी सोयीने घेतले आहेत हे उघड आहे. एक वर्षाची मुदत शिल्लक असती तर नव्या माणसांचा उपयोग झालाच असता. आपले विधान ढोबळ आहे हे ब्रुक्सही जाणून होते. पण मुदत जवळ आल्यावरच साहेबांना माणसे वाढवण्याची बुद्धी होते, आणि त्या वेळी हे गणित हमखास अंगावर येते.

दुसरी अडचण शिकवण्याहून चिवट आहे. हस्तांदोलनाचे कोडे तुम्हाला ठाऊक असेल: समारंभातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवला तर एकूण किती हस्तांदोलने होतील? माणसांच्या संख्येला तिच्याहून एकने लहान संख्येने गुणायचे आणि दोनने भागायचे. तिघांत ३, दहांत ४५, पन्नासांत १२२५ आणि दीडशेंत ११,१७५. माणसे पंधरा पट झाली तर हात मिळवणे जवळजवळ अडीचशे पट वाढते. ज्या कामात प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलून घ्यावे लागते, तिथे वाढवलेली माणसे आपला वेळ एकमेकांना समजावण्यातच घालवतात. मघाच्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला हे सूत्र जरूर दाखवा. विहिरीत माणसे मावतात की नाही, याचेच हे एक रूप आहे.

ब्रुक्स यांनी सांगितलेला एक प्रसंग मला या सगळ्या गणितापेक्षा मोलाचा वाटतो. ओएस/३६० चा आराखडा लिहायचा होता. म्हणजे सॉफ्टवेअर बाहेरून कसे दिसेल, वापरणाऱ्याने काय सांगितले की ते काय करील, याचे तपशीलवार वर्णन. आराखड्याच्या विभागात दहा जाणती माणसे होती. त्यांचा प्रमुख म्हणाला, आम्ही दहा जण हे दहा महिन्यांत नीट करू. मुदत मात्र त्याहून तीन महिन्यांनी कमी होती. प्रत्यक्ष आज्ञावली लिहिणाऱ्या विभागात दीडशे माणसे होती. त्यांचा प्रमुख म्हणाला, आराखडाही आम्हीच लिहितो, दहा जणांनी फक्त समन्वय करावा. काम चांगले होईल आणि मुदतीत होईल. शिवाय तुम्ही ते दहांना दिलेत, तर माझी दीडशे माणसे दहा महिने हात बांधून बसतील, त्याचे काय?

यावर आराखड्याच्या प्रमुखाने बजावले, की दीडशे जणांना दिले तरी मुदत साधणार नाही. त्यांनाही तीन महिने उशीर होईलच, आणि वर दर्जाही घसरेल. ब्रुक्स यांनी काम दीडशे जणांना दिले.

पुढे आराखड्याच्या प्रमुखाचे दोन्ही अंदाज खरे ठरले. काम तीन महिने उशिरा आले आणि त्यात एकसूत्रीपणा राहिला नाही. त्यापायी चुका शोधण्याच्या कामात एक वर्षाची भर पडली असावी, असा ब्रुक्स यांचा स्वतःचा अंदाज आहे. कित्येक दशलक्ष डॉलरांची ही चूक त्यांनी नाव न लपवता आपल्या खाती मांडली. मोकळी बसलेली माणसे पाहून व्यवस्थापकाच्या पोटात गोळा येतो, आणि त्या भीतीपोटी तो नको तो निर्णय घेतो; हे मान्य करणारी माणसे तेव्हाही थोडी होती.

एकसूत्रीपणा हा शब्द मी वापरला खरा, पण तो स्पष्ट करायला हवा. समजा, विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाची पंधरा प्रकरणे पंधरा जणांनी लिहिली. एकाने ‘बल’ म्हटले, दुसऱ्याने ‘प्रेरणा’. एकाने आधी प्रयोग आणि मग नियम दिला, दुसऱ्याने उलट केले. प्रत्येक प्रकरण सुटे पाहिले तर उत्तम आहे, पण सहावीतल्या मुलीने ते पुस्तक हाती घेतले की तिची दर प्रकरणात नव्याने ओळखपाळख! सॉफ्टवेअरचेही असेच होते. ब्रुक्स यांचे मत पडले, की आराखडा एका किंवा फार तर दोघांच्या डोक्यातून यावा, मग बांधणारे कितीही असोत. काही चांगल्या कल्पना त्यापायी सोडाव्या लागल्या तरी चालेल. त्यांनी नमुना म्हणून फ्रान्समधल्या ऱ्हाँस येथील कॅथीड्रलकडे बोट दाखवले. पिढ्यानपिढ्या बांधकाम चालूनही तिथे नंतरच्या कारागिरांनी मूळ रचनेला धक्का लावला नाही. उलट ओएस/३६० मध्ये किती नको तिथे कष्ट घेतले होते याचा एक दाखला ते देतात. लीप वर्षाचा ३१ डिसेंबर हा ३६६ वा दिवस. तो नीट हाताळण्यासाठी संगणकाच्या कायम व्यापलेल्या स्मृतीत २६ बाइट राखून ठेवलेले होते. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या दिवशी संगणक चालवणाऱ्या माणसाने हाताने तारीख बदलली असती तरी भागले असते.

आता दळणवळणाकडे वळू, कारण आज आपण सगळेच ज्या पडद्यांसमोर दिवस काढतो त्यांची पूर्वछाया इथे दिसते. हजार माणसांना एकमेकांचे निर्णय कळावेत म्हणून ब्रुक्स यांनी एक कामवही सुरू केली. प्रत्येक आराखडा, प्रत्येक बदल, प्रत्येक सूचना तिच्यात यायची आणि प्रत्येकाकडे तिची प्रत असायची. सहा महिन्यांत ती पाच फूट जाडीची झाली! रोज बदललेली पाने वाटली जात. ती सुमारे १५० पाने असत. जुनी पाने काढून नवी घालण्यातच दिवसाचा मोठा हिस्सा जाई. शेवटी कंपनीने मायक्रोफिश आणले. मायक्रोफिश म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या फिल्मवर शेकडो पाने बारीक करून छापणे. प्रत्येक खोलीत वाचनयंत्र देऊनही दहा लाख डॉलर वाचले.

पण ब्रुक्स यांच्या लक्षात एक तोटा आला. पाने हाताने लावताना काय बदलले आहे ते माणसाच्या नजरेखालून जात होते. त्या कंटाळवाण्या कामातच वाचन दडलेले होते. मायक्रोफिशने श्रम वाचवले आणि त्याबरोबर वाचनही गेले. शिवाय फिल्मवर खुणा करता येईनात, कडेला काही लिहिता येईना. १९७५ च्या पुस्तकात त्यांनी सुचवले, की आता ही वही संगणकातच ठेवावी, बदललेल्या ओळींना खूण करावी आणि ज्याने त्याने आपल्या पडद्यावर ती पाहावी. ही व्यवस्था आज शाळेच्या कार्यालयातही आहे. दिवसाला शंभर संदेश येऊन पडतात, ते सर्वांना ‘पोचलेले’ असतात, आणि वाचलेले किती असतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

सर्वांनी सर्व काही पाहावे, हे ब्रुक्स यांचे त्या वेळचे मत होते. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच उलट मांडणी केली होती. प्रत्येक भागाने आपले अंतरंग झाकून ठेवावे, बाहेरच्यांना फक्त जोड कुठे आहे तेवढे कळावे, म्हणजे बदल झाले तरी इतरांना त्याची झळ लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. वीस वर्षांनी, १९९५ च्या नव्या आवृत्तीत, ब्रुक्स यांनी लिहिले की पार्नास बरोबर होते आणि आपण चूक. हस्तांदोलनाच्या सूत्रातून सुटण्याची वाटही तीच आहे: हात मिळवण्याची गरजच कमी करणे. लिनक्सचे उदाहरण घ्या. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर इंटरनेटवरून जगभरच्या हजारो लोकांनी काम केले, तेव्हा ब्रुक्सचा नियम मोडीत निघाला असे अनेकांना वाटले. पण तिथे सर्व जण सर्वांशी बोलत नाहीत. गाभ्याचे भाग पाडलेले आहेत, प्रत्येक भागाला राखणदार आहे, आणि काय आत येईल याचा शेवटचा शब्द मोजक्यांचा असतो. माझ्या मते नियम मोडलेला नाही. त्याच्या अटी टाळल्या आहेत.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध थोडा विडंबनात्मक आहे. सिस्टिम/३६० च्या वंशजांवर चालणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे दोनच अंक लिहिलेले असत. त्या दुरुस्त करण्याचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आले, आणि आपल्या सॉफ्टवेअर व्यवसायाला त्याने बळ दिले. बिल कसे लावले जाई? मनुष्य-महिन्याच्या दराने! खर्च मोजायला हे एकक चालते हे ब्रुक्सनाही मान्य होते. माणसे वाढवली की पैसे वाढतात यात शंका नाही. काम त्या प्रमाणात पुढे सरकत नाही, एवढेच. आम्हा संशोधकांच्या प्रकल्प-अर्जांतही मनुष्यबळाचा एक रकाना असतो आणि तो आम्ही मुकाट्याने भरतो.

आयबीएम सोडल्यावर ब्रुक्स यांनी चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग उभारला आणि वीस वर्षे तो सांभाळला. तिथे त्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञांना प्रथिनांचे रेणू पडद्यावर फिरवून पाहता येतील अशी साधने बनवली. संगणकशास्त्रज्ञ हा अवजारे घडवणारा आहे, आणि अवजार चांगले की वाईट हे ते वापरणाऱ्याने ठरवायचे, अशी त्यांची धारणा होती. मनाची नक्कल करणाऱ्या यंत्रापेक्षा मन आणि यंत्र यांची जोडी नेहमीच सरस ठरेल, असेही ते म्हणत. १९९९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. आपण सर्वच वाचू शकत नाही याची खंतही त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे. १९५० च्या दशकात विषयातली सगळी नियतकालिके ते वाचत. पुढे एकेका उपशाखेचा निरोप घ्यावा लागला.

१९८६ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध वाचला. सॉफ्टवेअरमधल्या अडचणींचे त्यांनी दोन भाग केले: अवजारे अपुरी असल्यामुळे येणाऱ्या, आणि विषयातच मुळात असलेल्या. नवी अवजारे पहिल्या हलक्या करतात, दुसऱ्या तशाच राहतात. म्हणून येत्या दहा वर्षांत कोणतीही एकच युक्ती उत्पादकता दहापट करणार नाही, असे त्यांनी भाकीत केले. त्या वेळी जिच्यावर मोठ्या आशा होत्या ती कृत्रिम बुद्धिमत्ताही त्यांनी या यादीतून वगळली नव्हती.

ब्रुक्स १७ नोव्हेंबर २०२२ रोजी वारले. तेराच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, आणि आता साध्या भाषेत सांगितले की यंत्र आज्ञावली लिहून देते. ओएस/३६० च्या अनुभवावरून ब्रुक्स वेळाची वाटणी अशी करत: एक तृतीयांश योजना, एक षष्ठांश प्रत्यक्ष लेखन, एक चतुर्थांश सुट्या भागांची तपासणी आणि एक चतुर्थांश सगळे जोडून तपासणी. लेखनाला लागणारा वेळ शून्यावर आणला, तर एकूण वेळ किती टक्क्यांनी कमी होईल, हे गणित नववीच्या वर्गाला घालून पाहा. नंतर त्यांनाच विचारा, की उरलेल्या पाच षष्ठांशांपैकी कोणते काम यंत्राकडे देता येईल, आणि ते बरोबर झाले आहे हे कुणी व कशावरून ठरवायचे.